हाडजोडीची वेल

देवसिंग घाटंजीच्या जिनिंगवर टॅक्टर चालवे. मी उकंडा, थितंच हमाल. कापसाची ट्रॉली उलटी घेऊन गंजीले लावाची, हे त्याचं काम. मान मांगं वळवून एका हातानं स्टेरिंग फिरवे, बोटभर फरक नाही पडे.

मंग त्याच्या मानेतली गादी सरकली. हात सुन्न पडले. नागपूरचा डाक्टर म्हने, "पट्टी ठोकून मान पक्की करतो, नाहीत नकली गादी टाकतो. तिच्यानं मान हालते."

"हालनारीच टाका साहेब," देवसिंग म्हने. "मान नाही वळली त मले कोन ठेवते?"

खरंच होतं. त्या साली कापसाले भाव नव्हता, जिनिंगवर गाड्याच येत नव्हत्या. मालक दोनातला एकच डायवर ठेवनार होता.

आपरेशन झ्याक झालं. डाक्टरनं मान हालवत जा म्हनून सांगतलं. पन आमाले एवढंच मालूम का हाड म्हटलं म्हंजे सांधाचं. म्या झरीच्या जंगलातून हाडजोडीची वेल आनली. तुपात तयून, वाटून, रोज सकायी दुधातून पाजो. घशाले खाज सुटे बिचाऱ्याच्या. वरून गमछ्यानं मान आवयून बांधो.

"उकंडाभाऊ, डाक्टर हालव म्हने ना."

"चूप बस बे! हालवशीन त गादी निसटन. मंग बस बोंबलत."

ऐकलं त्यानं माह्यं. तीन महिने.

साल झालं तशी मान लाकडावानी झाली. डाक्टरनं फोटो दाखवला. नकली गादीच्या भवताल हाड वाढून वरचा-खालचा मनका एक झालता.

म्या इचारलं, "साहेब, वेलीनं झालं का हे?"

"वेलीचं सांगता येत नाही. काही जनाइचं हाड असंच वाढते."



मालक म्हने, ट्रॉली लावून दाखव. मी मांगं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करून राह्यलो होतो. देवसिंग कमरातून वळाले गेला, क्लचवरचा पाय सटकला, अन् ट्रॉली धाडकन भिताडावर.

"उतर खाली," मालक म्हने. "गेटवर बस. थितं समोरच पाहा लागते."

सारे हमाल हासले. देवसिंग उतरला.

आता तो गेटवर काठी घेऊन बसते. मी मांगून आवाज देतो, "देवसिंग, चहा पेतं का?" तो वळत नाही. मान वळत नाही, हे मले समजते. आंग त वळते ना.