कढईपाशी बैठक

बुशारांच्या घरच्या बैठकीचा नियम जुना होता: टेबलाशी बसायचं ते बुशारांच्या रक्ताच्या माणसांनीच. सुना-जावयांनी आपापली कामं बघायची. म्हणून मार्चच्या त्या दुपारी, मेपलच्या झाडांतून पाकासाठी कढवायचा रस नुसता वाहत असताना, टेबलाशी म्हातारे लुसियाँ होते आणि त्यांचे दोन मुलगे, मार्सेल आणि रेमी. चौथी ब्रिडी, बर्लिंग्टनहून मुद्दाम बोलावलेली सल्लागार, म्हणून तिला तेवढी सूट. तिच्या पायाशी टोपलीत तिची सात महिन्यांची मुलगी नेल, आणि ब्रिडीचा एक कान कायम त्या टोपलीकडे.

"चार हजार झाडांवरून दहा हजारांवर," मार्सेल म्हणाला. "योजना तुम्हीच लिहिलीत. सह्या करू आणि उठू."

"एवढा रस कढवणार कोण?" ब्रिडीने विचारलं.

"टेस आहे की!" टेस म्हणजे त्याची बायको.

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? बावीस वर्षं तेच करतेय."

तेवढ्यात नेलने भोकाड पसरलं. तिघा पुरुषांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली, तशी ब्रिडी तिला पाजायला मागच्या रसघरात गेली, जिथे टेस रस कढवून पाक करत होती. आत वाफच वाफ. कढईतला थेंब किती लांब उडेल याचा अंदाज घेत ती दाराशी घुटमळली.

"बस गं त्या कोपऱ्यात," टेस म्हणाली. "माझी दोन्ही पोरं तिथंच वाढली. एकालाही चटका नाही." आणि एकदम हात वर केला. "श्श!"

ब्रिडीला नुसतं उकळणं ऐकू आलं.

"बुडबुडे जड झाले, कळलं?" टेसने लांब पळी बुडवून उचलली. कडेवरून पाक पडद्यासारखा ओघळला. पाक तयार होता; तिने झटकन कढईची तोटी सोडून तो काढून घेतला. "आणखी अर्धं मिनिट गेलं असतं, तर तळाला लागून करपला असता."

"मग दहा हजार झाडांचं कसं जमवणार?"

"कसली दहा हजार?"

ब्रिडीने सांगितलं. टेसने पळी खुंटीला अडकवली. "असं का! दोन कढया, दिवसरात्र. आणि कान माझे दोनच. सांग त्यांना, हा माझा शेवटचा हंगाम. मी चालले बहिणीकडे, मेन राज्यात. मार्सेलला यायचं तर येईल."

ब्रिडीला ती बेकरी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिथेही ती फक्त मालकाचंच ऐकत बसली होती. सुरेख योजना लिहिली होती. कणीक मळणारी मुलगी वैतागून निघून गेली आणि थंडीच्या आत भट्टी विझली. माझा काय दोष, असं तेव्हा तिने स्वतःला पटवलं होतं. आज ते पटवून घ्यायची तिची तयारी नव्हती.

परत येऊन तिने योजनेचे कागद उचलले. "हे मी मागे घेते. टेस म्हणते, हा तिचा शेवटचा हंगाम. कढवणारी जिथे नाही, त्या बैठकीत मी सल्ला देत नाही."

"पोरी," लुसियाँ म्हणाले, "माझी आईसुद्धा या टेबलाशी कधी बसली नाही."

"तेव्हा रस कोण कढवायचं?"

"आजीच," रेमी पुटपुटला.

"तू गप्प बस!" लुसियाँ त्याच्यावर खेकसले. "कढई सोडून टेस इथे येणार नाही."

"येऊही नये. मीच तिकडे बसते."

"तुझ्या साहेबाला फोन करतो!"

"करा. नंबर पहिल्याच पानावर आहे, आताच लिहून घ्या."

तिने एका हाताला टोपली अडकवली, दुसऱ्या हाताने त्यांच्याच टेबलाची खुर्ची उचलली. नोकरी गेली तर पाळणाघरही जाईल, मग? तरी चिखल तुडवत ती गेली आणि कोपऱ्यात खुर्ची टेकवून बसली.

थोड्या वेळाने रेमी आला, स्वतःची खुर्ची घेऊन. मग मार्सेल, बायकोची नजर चुकवत. लुसियाँ शेवटी. खुर्ची आणली नव्हती. उंबऱ्यावरच उभे.

टेसने मागे वळून पाहिलंही नाही. "दार लावा, बाबा. गार वारा येतोय."

त्यांनी दार लावलं. आतून.

"हं, बोला तुमच्या दहा हजारांचं," टेस म्हणाली. "पण मी हात वर केला की सगळ्यांनी गप्प."

मार्सेलने तोंड उघडलं आणि तिने हात वर केला.