तीनदा पुकारलेलं नाव

लेसिएलीने लिफाफ्यातून कागद काढला, मनातल्या मनात वाचला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

तोंडी परीक्षा होती. कागदावरची कविता मोठ्याने वाचायची आणि तिच्यात उपमा कुठे, रूपक कुठे, कवीने ते का वापरलं, हे चार मिनिटांत सांगायचं. खोलीत आठ मुलं, तपासणीसाठी न्यूझीलंडहून आलेल्या मिसेस हॅलोरन, आमची तोआकासे आणि हजेरीचा कागद धरून बसलेलो मी, गणिताचा मास्तर.

तोआकासे या बेटावर एकतीस वर्षं साहित्य शिकवत होती. मधल्या सुट्टीत उकडलेल्या तारोच्या कंदालाही ती उपमा शोधायची, आणि त्यावरून आम्ही तिला कमी पिडलं नाही. पण शिकवायची जीव तोडून. गेल्या वर्षी तिने सढळ हाताने गुण वाटल्याचा ठपका आला, म्हणून यंदा ही तपासणी. लेखी परीक्षेत तिने लेसिएलीला सर्वांत जास्त गुण दिले होते. पोरगी तोंडीत नापास झाली, तर मोठ्या बेटावरच्या अध्यापक विद्यालयातली तिची जागा जाणार होती.

"एक मिनिट झालं," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "साधी प्रेमकविता आहे. वाच ना."

माझ्यापुढच्या प्रतीत मी ती कविता पाहिली आणि पोरगी का अडली ते कळलं. एक तरुण आपल्या प्रेयसीच्या मानेचं आणि ओठांचं वर्णन करत होता. लेसिएलीच्या मागच्या बाकावर सेमिसी होता, तिच्या मामाचा मुलगा. मामेभाऊ असा वेगळा शब्द आम्हा टोंगाच्या लोकांत नाही, भाऊ तो भाऊच. आणि भावासमोर बहिणीने असलं काही उच्चारणं म्हणजे दोघांचीही मान खाली जाणं. सेमिसी याच वर्षी शेजारच्या बेटावरून आला होता. तुकड्या पाडताना हे नातं तोआकासेच्या ध्यानातून सुटलं. एकतीस वर्षांत अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

ती उठून मिसेस हॅलोरन यांच्या कानाशी वाकली. त्या मुलाला थोडा वेळ बाहेर बसवू या, तो तिचा भाऊ आहे, असं ती कळवळून सांगत होती.

"बाई, गेल्या वर्षीही तुमच्याकडे कारणं तयार होती," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "बाहेर गेला तो गैरहजर. नियम सगळ्यांना सारखा."

त्या वाईट नव्हत्या. पण त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला.

दोन मिनिटं झाली. मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"बाई, मला बरं वाटत नाही," सेमिसी म्हणाला. "मी जातो."

"सेमिसी, पुढचा नंबर तुझाच आहे रे," तोआकासे म्हणाली.

"माहीत आहे, बाई."

जहाजावरच्या नोकरीच्या शिक्षणासाठी त्याला हा विषय सुटायला हवा होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणीकडे न बघता तो बाहेर पडला. त्याची पावलं लांब जाईपर्यंत लेसिएली थांबली आणि मग तिने वाचायला घेतलं. सुरुवातीला आवाज कापत होता, पुढे सापडला. रूपक कुठे आहे ते तिने सांगितलंच, शिवाय मनातलं सरळ बोलायची लाज वाटते तेव्हा माणूस रूपकाच्या आडोशाला जातो, असंही म्हणाली. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मिसेस हॅलोरन यांनी गुण लिहिले आणि तोआकासेला म्हणाल्या, "तुम्ही गुण वाढवले नव्हते तर."

या एका वाक्यासाठी तोआकासेने वर्षभर वाट पाहिली होती. तिचं लक्ष मात्र दाराकडे होतं.

बाहेर गेलेल्यालाही गैरहजर लिहिण्याआधी नाव तीनदा पुकारायचं असतं. तोआकासे खिडकीशी जाऊन उभी राहिली. "सेमिसी ताउफा," तिने पुकारलं. पुन्हा एकदा पुकारलं. तिसऱ्या वेळी ती खिडकीपासून मागे सरली, म्हणून मी पुढे गेलो आणि मी पुकारलं.

समोर ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली तो आमच्याकडे पाठ करून बसला होता. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले, अजूनही.