ज्यांचे आईबाप आहेत त्यांनी बाहेर जावे

"बाई, आईबाप जिवंत असलेल्या मुलीला अनाथ व्हायचं असेल तर काय करावं लागतं?"

मिंडलनं हा प्रश्न भर वर्गात, उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला. पैजच तशी लागली होती. सकाळी पाण्याच्या रांगेत युदिस आणि लीबा या दोघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "विचारून दाखव हेम्दाबाईंना. नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या बादल्या तू भरायच्या." मिंडल पंधरा वर्षांची होती. आपण तोंड उघडलं की माणसं मान वळवून ऐकतात, असा शोध तिला नुकताच लागला होता आणि त्या शोधावर ती बेहद्द खूश होती. बादल्यांचं तिला काही नव्हतं. हरायचं तेवढं नव्हतं.

वर्ग म्हणजे तंबू. खाली वाळू, वर सायप्रसचं ऊन, आणि बाहेर काटेरी तारा. तारांपलीकडे समुद्र, आणि समुद्रापलीकडे, एका रात्रीच्या प्रवासावर, जिथं पोचायचं होतं तो देश, पॅलेस्टाईन. हैफा बंदराचे दिवे दिसायला लागले तेव्हाच इंग्रजांनी युद्धातून वाचलेल्या ज्यूंनी भरलेलं त्यांचं जहाज अडवलं होतं आणि सगळ्यांना आणून इथे, फामागुस्ताजवळच्या छावणीत कोंडलं होतं.

सगळा वर्ग इतका हसला की तंबूचा खांब हलला. हेम्दाबाई हसल्या नाहीत. पॅलेस्टाईनहून मुद्दाम शिकवायला आलेल्या, उन्हानं रापलेल्या त्या बाई कोळशानं फळीवर लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, "खाली बस. आणि सुटल्यावर थांब."

सुटल्यावर त्यांनी विचारलं, "गमतीत विचारलंस?"

"पैज होती, बाई."

"मग उत्तर मात्र गमतीत घेऊ नकोस. सण झाले की इंग्रज अनाथ मुलांना आधी सोडणार आहेत. बाकीच्यांना आल्या क्रमानं. तुम्ही कधी आलात?"

"उन्हाळ्यात."

"मग निघायला पुढचा उन्हाळा. किंवा त्याच्या पुढचा." हेम्दाबाईंनी हात झाडले. "अनाथ व्हायला फार काही लागत नाही, मिंडल. आईबापांनी हो म्हणावं लागतं, एवढंच."

मिंडलला वाटलं, आता ताते चिडतील. त्यांनी चिडावं अशी तिची फार इच्छा होती. तिचे वडील, लाझर, रुमानियातल्या बोतोशानचे घड्याळजी. गावातली घड्याळं सैनिकांनी काढून नेली होती, आणि इथे छावणीत वेळ बघायची कुणाला गरज नव्हती. त्यामुळे ते रिकाम्या डब्यांच्या पत्र्याचे दिवे करत बसत. तिनं सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला पत्रा थांबला.

"जा," ते म्हणाले. "देश होणार म्हणतात. तिकडे न्यूयॉर्कात मोठमोठी माणसं बसलीत ठरवायला. आपलं एक माणूस तरी तिथं आधी जाऊन उभं राहू दे."

"पण ताते, तुम्हाला मेलेलं म्हणायचं..."

"म्हण. म्हणून कुणी मरतंय का? तसं असतं तर आम्ही केव्हाच मेलो असतो."

आईनं, एतलनं, थू थू थू करून तीनदा जमिनीकडे थुंकल्यासारखं केलं, दृष्ट जावी म्हणून. मग तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "हिवाळा इथं तंबूत काढू नकोस, बाळ. जा."

इतक्या लवकर हो म्हणाले दोघं, की मिंडलला मनातून रागच आला.

पुढचं सगळं सोपं होतं, आणि तेच वाईट होतं. इंग्रजांना आपल्याला मागे धाडता येऊ नये म्हणून जहाजावरच सगळ्यांनी आपापले कागद समुद्रात फेकले होते. कोण कुणाचं, हे तोंडानं सांगू तेवढंच खरं. अनाथ कोण हे इंग्रज अधिकारी झेलिग आजोबांच्या शब्दावर मानायचा. झेलिग आजोबा छावणीतले सगळ्यांत जुने, प्रार्थना चालवणारे, पांढऱ्या दाढीचे. त्यांच्यापुढे जायच्या आधी लीबानं मिंडलची तयारी करून घेतली. लीबानं आपल्याच आईबापांचं मरण तिला उसनं दिलं.

"बुग नदीच्या पलीकडे, हिवाळ्यात, तापानं. आधी बाप, मग आई. बास. पुढे बोलू नकोस."

"आणखी विचारलं तर?"

"खरे अनाथ जास्त बोलत नाहीत गं. हे तुला जरा जड जाईल."

झेलिग आजोबांनी जास्त विचारलंच नाही. त्यांनी मिंडलच्या डोक्यावर हात ठेवला आणि शोकात असलेल्या माणसाला म्हणतात ते शब्द म्हटले. त्या हाताचं वजन मिंडलला दिवसभर डोक्यावर जाणवत राहिलं.

ती अनाथ मुलींच्या पत्र्याच्या झोपडीत राहायला गेली. आईबाप दोनशे पावलांवर, पण चारचौघांत ओळख दाखवायची नाही. पाण्याच्या टाकीपाशी आई भेटली की मिंडल म्हणायची, "कशा आहात, एतलमावशी?" पहिल्या दिवशी आई गमतीत आली. "बऱ्या आहोत की. तू गं कुणाची, पोरी? नाक कसं अगदी आमच्या घराण्यातलं आहे!" दोघी तोंड दाबून हसल्या. दुसऱ्या दिवशी थोडं कमी हसल्या. चौथ्या दिवशी मिंडल मावशी म्हणाली आणि आई मागे न बघता बादली घेऊन निघून गेली. बादली भरलेलीही नव्हती.

रात्री झोपडीत मिंडल गोष्टी सांगून सगळ्यांना हसवायची. युदिस एकदा म्हणाली, "अनाथ असून तू फारच हसतेस हां."

"मग काय रडू?"

"थोडं रडलीस तर शोभेल. आम्हाला जे आईबाप देऊन मिळालं, ते तुला फुकटात मिळतंय."

युदिस हे चिडून म्हणाली की चेष्टेत, ते मिंडलला कळलं नाही. युदिसचं तसंच होतं. तिच्या आईला तिच्या डोळ्यांदेखत छळछावणीच्या गाडीत चढवलं होतं, आणि ते सांगतानाही तिचा आवाज बदलायचा नाही.

मग मोठ्या उपासाचा दिवस आला. वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा दिवस. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. एरवी छावणीत पाण्यावरून रोज भांडणं व्हायची. त्या दिवशी पाण्याची गाडी भरलेलीच उभी होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पहाऱ्यावरचा इंग्रज सैनिक कधी गाडीकडे, कधी या माणसांकडे बघून डोकं खाजवत होता.

प्रार्थना सगळ्यांत मोठ्या झोपडीत होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये लष्करी घोंगड्यांचा पडदा. वरचा पत्रा तापून टकटक वाजत होता. मिंडल अनाथ मुलींच्या रांगेत, युदिस आणि लीबाच्या मध्ये बसली होती. उपास, उकाडा, आणि ओळखीचे सूर. सूर तेच, बोतोशानचेच. तिचे डोळे जड झाले. डोळे मिटले की ती घरी होती, आईच्या शेजारी, आईच्या बाहीला कापराचा वास.

तेवढ्यात झेलिग आजोबांनी पुढच्या फळीवर हात आपटला आणि दरवर्षी जे पुकारतात ते पुकारलं, "स्मरणाची प्रार्थना! ज्यांचे आईबाप आहेत, त्यांनी बाहेर जावं."

रीतच आहे तशी. मेलेल्या आईबापांची नावं घ्यायची वेळ आली की ज्यांचे जिवंत आहेत त्यांनी आत थांबायचं नाही. जिवंतांच्या नावाला मरणाची सावली लागू नये. बोतोशानला या पुकाऱ्याची पोरं वाटच बघत असायची. पुकारा झाला की शंभरेक पोरं धडाधड बाहेर, अंगणात धुडगूस, आणि आतून मोठ्यांचं दबकं रडणं. मिंडल चालायला लागल्यापासून दर वर्षी या पुकाऱ्याला उठून बाहेर गेली होती.

आजही ती उठली, आणि बाहेर गेली.

बाहेर ऊन लख्ख होतं. धुडगूस ऐकू येईना म्हणून तिनं मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. एक बाई दारापर्यंत आली, नुकतीच चालायला लागलेली आपली पोर तिनं बाहेर उभी केली, आणि स्वतः आत वळली. बस. शेकडो माणसांच्या त्या झोपडीतून बाहेर पडलेल्या दोघीच: एक दीड वर्षाची पोर, आणि मिंडल.

पोरीनं येऊन मिंडलचा घागरा धरला. छावणीतल्या सगळ्या बायकामुलींचे घागरे तंबूच्या आतल्या पिवळ्या अस्तराचे. पोरीला तो आईचाच वाटला असावा.

तेव्हा कुठे मिंडलला कळलं आपण काय केलं ते. तिच्या पायांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.  परत आत जावं? आत जाऊन काय म्हणावं? तिथं बसून ताते आणि आईचं नाव मेलेल्यांत घालावं?

दारात ताते आले. डोक्यावर प्रार्थनेची शाल, चेहरा पांढराफटक. त्यांनी तोंड उघडलं. नुसतं "मिंडल" म्हणाले असते तरी ती जाऊन बिलगली असती. पण हाक मारावी तर सगळं संपलं, आणि न मारावी तर ती तशीच उन्हात उभी. त्यांनी तोंड मिटलं. हातानं आत ये अशी खूण केली, मग तोच हात मध्येच थांबला, कारण तिला आत बोलावणं म्हणजे काय, ते त्यांनाही उमगलं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग ते आत वळले. त्यांचे स्वतःचे आईबाप आत त्यांची वाट बघत होते.

इतक्यात युदिस बाहेर आली. डोलत डोलत आली आणि मिंडलच्या खांद्यावर सगळा भार टाकून कोसळलीच.

"धर ना नीट, मूर्ख," ती कानात म्हणाली. "मला घेरी आलीये. तू मला बाहेर आणलंस."

"पण मी आधी..."

"तू गप्प बस. आयुष्यात एकदा तरी."

पहाऱ्यावरचा सैनिक पाण्याचा डबा घेऊन तारेपर्यंत धावत आला. युदिसनं मान हलवून नको म्हटलं. झेलिग आजोबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी युदिसकडे पाहिलं, मिंडलकडे पाहिलं, मिंडलच्या घागऱ्याला धरून उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं. कोण आधी बाहेर आलं हे त्यांनी पाहिलं होतं. पुकारा त्यांनीच तर केला होता.

"ही मला धरून आली, आजोबा," युदिस म्हणाली.

झेलिग आजोबांचे ओठ हलले. देवापुढे वर्षभराचा हिशेब द्यायच्या दिवशी त्यांच्यापुढे एक नवं खोटं येऊन उभं होतं. मग त्यांनी शाल कपाळावरून खाली, डोळ्यांवर ओढली. "सावलीत बसा," ते म्हणाले, आणि आत गेले.

आतून नावं यायला लागली. एकेकाची चारपाच नावं, दहा नावं, कुणाची संपतच नव्हती. त्या झोपडीत एवढी माणसं मावलीच नसती.

मिंडल हळूच म्हणाली, "युदिस, तू आईचं नाव घेतलं नाहीस."

"पुढच्या वेळी घेईन." युदिसनं डोळे मिटलेलेच ठेवले. "ती काय, कुठं जातेय."

 मिंडलनं युदिसचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती नावं ऐकत राहिली. दुपारभर ती मनाशी एकच घोकत होती: मी जाणार नाही. संध्याकाळी सांगून टाकायचं. राहते म्हणून. मरू दे ते जहाज. पण मांडीवरच्या डोक्याचं वजन तिला सुचू देत नव्हतं.

संध्याकाळी शिंग वाजलं, उपास सुटला. मिंडल सरळ आईबापांच्या तंबूत शिरली. कोण बघतंय ते तिनं पाहिलं नाही. आईनं चहाचा डबा भरून ठेवला होता. स्वतः न पिता तो तिच्या हातात दिला. ताते पत्र्याचा एक तुकडा उगाच वाकवत होते, सरळ करत होते, पुन्हा वाकवत होते.

"राहायचं असेल तर राहा गं," आई म्हणाली. "आम्ही काही म्हणणार नाही."

"काय म्हणणार," ताते म्हणाले. "आपल्या हातात काय आहे?"

मिंडलनं चहाचा एक घोट घेतला आणि डबा आईकडे परत दिला. मग ती उभी राहिली, वर्गात राहिली होती तशी. आवाज मात्र तेवढा खणखणीत निघाला नाही.

"मी जाणार आहे. झेलिग आजोबांनी डोळे झाकून घेतले, युदिसनं आपल्या आईला ताटकळत ठेवलं. ते मला वाया घालवता येत नाही. तिथे जोवर सांगावं लागेल तोवर मी सांगेन, माझं कुणी नाही म्हणून. पण स्मरणाची प्रार्थना लागली की मी उठून बाहेर जाणार. दर वेळी. सगळ्यांसमोर. मग मला परत पाठवोत की काय करायचं ते करोत." तिनं आईकडे पाहिलं, मग वडिलांच्या हातातल्या त्या वाकड्या पत्र्याकडे. "तुम्ही दोघांनी फक्त एवढंच करायचं, ताते. मला कधी खरंच आत बसायला लावू नका."