कोरडी गोळी

"आण ती इकडे. अजून हात गळून नाही पडले माझे," एल्वुड म्हणाला.

"गळले नाहीत, पण थरथरतात. अर्धी दारू बर्फालाच पाजाल," असं म्हणून अर्लीननं बापाची बंदूक स्वतःकडेच ठेवली. "तुम्ही कॉफी संपवा, बाबा."

नाताळ उलटला की पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात चकमकीच्या बंदुकांचा हंगाम लागतो. नव्या रायफली घरी राहतात आणि आज्यापणज्यांच्या बंदुका बाहेर निघतात. एल्वुडची तर खापरपणजोबांपासून चालत आलेली. नळीत आधी बंदुकीची दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि मग लांब गजानं ठासायचं. एकुलत्या एका पोरीला हे सगळं एल्वुडनंच शिकवलं होतं. आज ती पोर पन्नाशीला आली होती.

शिकारीच्या खोपटाच्या पायरीवर बसून अर्लीननं दारू साठवायचं शिंग नळीवर उलटं केलं, पण त्याचं बूच काढलंच नाही. दाणासुद्धा आत पडला नाही. नुसतीच गोळी ठासली. गजावर एक खाच होती. बंदूक नीट भरली की ती नळीच्या तोंडाशी येऊन थांबायची. आज ती आत बुडाली. अर्लीननं पटकन तिथं मूठ धरली आणि गज काढून घेतला.  बापाला तिनं असं कधी फसवलं नव्हतं.

पण करणार काय? गेल्या वर्षी याच डोंगरात एल्वुडनं झुडपाआड वाकलेल्या टॉडवर नेम धरला होता. टॉड म्हणजे त्याच्या धाकट्या भावाचा, मर्लचा मुलगा. बिचारा बुटाची नाडी बांधत होता. म्हाताऱ्याचं बोट चापावर गेलं आणि अर्लीननं नळी खाली दाबली. "घालवलंस ना हरिण!" म्हणून तो वर तिच्यावरच खेकसला होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही, डोकं थकलंय. बापाला सांगायचं की आता पुरे, एवढंच तर होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष गेलं. आई गेल्यापासून हा माणूस ती बंदूक पुसायचा आणि नाताळची वाट बघायचा. त्याला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. भित्री होती, दुसरं काय!

मर्ल आणि टॉड आरडाओरडा करून हरणं वर पिटाळायला खालच्या अंगानं निघाले. जाता जाता मर्ल म्हणाला, "दादा, यंदा तरी चुका हो! भिंत कधीची वाट बघतेय."

"तुझ्याच चिंध्यांनी भरलीय ती. जागा कुठाय?"

खोपटात रीतच होती. ज्याचा नेम चुकेल किंवा बार फसेल त्याच्या शर्टाचा मागचा घेर कापायचा, नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायचा. मर्लचे चार होते. एल्वुडच्या बापाचाही एक होता. एल्वुडचा एकही नव्हता, आणि ते तो येईल त्या पाहुण्याला दाखवायचा.

बापलेक पडलेल्या ओकच्या आडोशाला बसले. एल्वुडनं बंदुकीच्या कानाशी, ठिणगी पडते तिथं, चिमूटभर रंजक म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू घातली. तिच्यातली निम्मी सांडली. खालून हाकाऱ्यांची आरोळी आली.

"आला," तो कुजबुजला.

अर्लीनला काहीच दिसेना.  मग झाडांमधून शिंगं हलली. भलं थोरलं हरिण होतं. ज्या हातांना कॉफीचा कप धरवत नव्हता, ते बंदुकीवर मात्र ठाम होते. एल्वुडनं चाप ओढला. ठिणगी पडली, रंजक भुर्रकन जळाली, आणि पुढं काहीच झालं नाही. हरणानं मान वर करून बघितलं आणि उडी घेतली.

खरंखुरं हरिण होतं ते! तिच्याआधी त्यालाच दिसलं होतं. अर्लीनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एल्वुडनं शिवी दिली नाही. त्यानं गज नळीत सोडला. खाच आत बुडाली. तिथंच त्यानं मूठ धरली.

"सकाळी अशीच धरलीस."

"बाबा..."

"बघत होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठं बोललीस?"

एल्वुडनं गज काढून परत जागी लावला. मग त्यानं विचारलं, "गेल्या वर्षी झुडपात कोण होतं?"

"टॉड."

एल्वुडनं डोळे मिटून घेतले. "आज तरी हरिणच होतं ना?"

"हो बाबा. मोठं होतं. शिंगं बघितलीत ना त्याची?" तिला रडू आवरेना.

"मग झालं तर."

परतताना त्यानं बंदूक तिच्या खांद्यावर दिली आणि पुन्हा मागितली नाही.

खोपटात डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी चुलीवर रटरटत होता. मर्ल दारातच ओरडला, "हरिण माझ्या नाकासमोरून गेलं! बार कसा नाही झाला?"

"दारू घालायला विसरलो. कोरडीच गोळी ठासली," एल्वुड म्हणाला.

मर्ल पोट धरून हसला. "शेंबडं पोरगंही असं करत नाही, दादा!" मग थबकला. "पण सकाळी भरत तर अर्लीन होती."

अर्लीननं तोंड उघडलं.

"हिनं नीट भरली होती," एल्वुड तिच्याआधी बोलला. "तुम्ही गेल्यावर मीच गोळी उपसून पुन्हा भरली. मी ऐकतोय कुणाचं?"

मर्लचं हसू विरलं. "जाऊ दे दादा. वय झालं की होतं असं."

"रीत ती रीत. अर्लीन, कात्री आण."

त्यानं कोट काढला, शर्ट विजारीतून ओढला आणि पाठ केली. शर्टाखालून मणके दिसत होते. अर्लीननं कात्री लावली, पण तिरकी.

"सरळ काप गं. ते राहणार आहे तिथं."

तिनं कापलं. टॉडनं स्टुलावर चढून तो तुकडा आजोबांच्या तुकड्याशेजारी धरला आणि शीळ घालत खिळा ठोकायला लागला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एल्वुड उघड्या कमरेवर कोट ओढून त्याच्या रुंद पाठीकडे बघत राहिला.

"आधी त्याला वाढ," तो अर्लीनला म्हणाला. "दमलंय पोरगं."