सलूनवाल्याची मिशी

साऱ्या गल्लीच्या मिश्या उतरवणाऱ्या सलूनवाल्याने स्वतःच्या मिशीला मात्र कधी वस्तरा लावला नव्हता. गिऱ्हाइकं थट्टा करायची, तोही हसायचा. मिशीखाली लहानपणी शिवलेल्या ओठाचा वण होता. लग्न जमायचं तर तो झाकायचा, हा आईचा हुकूम. बायकोच्या बोटांना वण लागला, तेव्हा त्याने ठोकून दिलं, "लहानपणी लाल सायकलवरून पडलो."

आता लेक दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मली होती, आणि घरात एकच पालुपद सुरू होतं.

"हिच्या त्या फिटच्या गोळ्यांनी घात केला," आई म्हणायची. "आमच्याकडे असलं कुणालाच नाही."

बायको खाली मान घालून लेकीला चमच्याने दूध पाजत राहायची. हा चहा प्यायचा. भेकडच मेला, दुसरं काय म्हणायचं!

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"कुणालाच नाही," आई ताडकन म्हणाली. तो मिशीवरून बोट फिरवत राहिला.

"याला एकच कारण नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही रक्तातून येतं, काही गरोदरपणातल्या औषधांनी, धुराने. पुष्कळदा दोन्ही मिळून. शिवता येईल सगळं. पण तुमच्या गोळ्या मनाने बंद करू नका हं."

बायकोने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी लेकीचं दुपटं शोधताना त्याला कपाटात गोळ्यांची पाकिटं सापडली. लेक झाल्यापासून एकही गोळी फोडलेली नव्हती.

"अगं, फिट आली तर? पोरगी हातात असताना?"

"मग काय करू? दुधातून पुन्हा तेच विष देऊ?"

आई दारातून डोळ्यांनीच त्याला दटावत होती. बोलावं तर आई खोटी पडणार, गप्प बसावं तर बायकोचा जीव जाणार. बिचारा! छे, बिचारा कसला.

तो सलूनमध्ये गेला, शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. मग त्याने मिशीला वस्तरा लावला.

तो घरी आला तशी आईने तोंडावर हात ठेवला. बायकोने आधी त्याचा ओठ पाहिला, मग लेकीचा. त्याने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. तिने गोळी गिळली, पेला खाली ठेवला.

"सायकल लाल होती म्हणालात ना?" तिने विचारलं.