चढावरची टिकटिक

गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या बायकोला सगळी गल्ली मिस्त्रीण म्हणायची, आणि तिलाही ते आवडायचं. एखाद्या गाडीचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची वेळ, लावून झालं की मिस्त्री तिला हाक मारायचे, "चल, जरा हवा खाऊन येऊ." पाण्याच्या टाकीमागच्या चढावर ते वरच्या गिअरमध्येच गाडी रेटायचे. ठिणगी फार लवकर पडत असली तर इंजिनातून बारीक टिकटिक यायची, डब्यात खिळे हलवल्यासारखी. मग टायमिंग थोडं मागे घ्यायचं. सगळं काम कानावर.

आणि मिस्त्रींच्या कानांनी नेमका तोच आवाज सोडून दिला होता. ताट पडलं तर ऐकू यायचं, टिकटिक नाही. हे फक्त बायकोने ताडलं होतं. नवऱ्याला तोंडावर बहिरा म्हणणारी ती नव्हे. ती नुसतं विचारायची, "अहो, कसलीशी टिकटिक येतेय का हो?" त्यावर ते म्हणायचे, "मग? मी केव्हाचीच ऐकलीय." असं दोघांचं छान चाललं होतं.

नर्सबाई आल्या आणि बिनसलं. त्यांची जुनी गाडी महागड्या पेट्रोलवर चालायची. आता रोज डोंगरापलीकडच्या वस्तीत घरोघरी पेशंट बघायला जायचं, महागडं परवडायचं नाही, तेव्हा यापुढे साधंच पेट्रोल भरणार, म्हणाल्या. मिस्त्री खुलले. "महागडं पेट्रोल दाब सोसतं. साधं उतावळं. ठिणगी लवकर पडली की दाब भलताच वाढतो, मग ते आपलं आपण भडकतं आणि पिस्टनवर घण घालतं. साध्याला ठिणगी जरा उशिराच द्यायची."

चहा घेऊन आलेली मिस्त्रीण म्हणाली, "बाईंना डोंगर चढायचाय, थोडं जास्तच मागे घ्या."

मिस्त्री हसले. "हिचं मनावर घेऊ नका. हिला इंजिनातलं काय कळतंय?" नर्सबाईही हसल्या.

मिस्त्रिणीला ते फार लागलं. काही कळत नाही ना, मग बसते गप्प. टायमिंग लावून मिस्त्रींनी बाईंची गाडी चढावर घातली तशी टिकटिक सुरू झाली, चांगली स्पष्ट. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि टाकीवरचे कावळे बघत राहिली. मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, "झकास" म्हणाले आणि गाडी देऊन टाकली. संध्याकाळी सांगायचं तिने ठरवलं होतं. पण संध्याकाळी राग उतरला नव्हता, आणि सकाळी उतरला तेव्हा सांगायची लाज वाटली.

आठवडा उलटला नाही तोच गाडी डोंगराच्या मध्यावर बंद पडली. नर्सबाई बॅग घेऊन पायी गेल्या. त्यांचा म्हातारा पेशंट तोवर इंजेक्शनवाचून कळवळत पडला होता. इंजिन खोललं तर पिस्टनला बोट जाईल एवढं भोक.

"टायमिंग तर चुकलं नाही ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"छे. पेट्रोलमध्ये भेसळ असणार," मिस्त्री म्हणाले.

बाई पेट्रोल भरायच्या तो पंपवाला म्हणजे मिस्त्रींचा लंगोटीयार, रोज संध्याकाळी चहाला यायचा. त्या दिवशी तो दारातच उभा राहिला. "माझ्या पंपावर भेसळ? हे तू बोललास?" मिस्त्री मान खाली घालून नट पुसत बसले. पंपवाला गेला तो पुन्हा फिरकला नाही. गल्लीतल्या गाड्याही दुसऱ्या पंपावर जायला लागल्या.

 सवयीने मिस्त्रीण चहा तिघांचा टाकायची आणि उरलेला मोरीत ओतायची. एके दिवशी ओतता ओतताच तिला रडू फुटलं.

"अहो, त्या दिवशी टिकटिक येत होती. मी ऐकली आणि मुद्दाम गप्प बसले."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "माहीत आहे मला."

"कसं? तुम्हाला तर..."

"ऐकू येत नाही, म्हण की. म्हणून तर तुला शेजारी बसवतो. टिकटिक आली की तू बोलायच्या आधी तुझ्या कपाळाला आठी पडते. मी इतकी वर्षं त्या आठीवर टायमिंग लावतोय. तू तोंड फिरवलंस तेव्हा मनात आलं होतं माझ्या. पण म्हटलं, ही माझ्यावर कितीही रागावली तरी दुसऱ्याच्या गाडीचं वाटोळं होऊ देणार नाही."

याहून त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग भेसळ का म्हणालात?"

"काय सांगू लोकांना? मिस्त्री बहिरा झाला म्हणून?" त्यांनी चपला घातल्या. "चल पंपावर. तो हळू बोलतो, मला कळायचं नाही."

पंपावर मिस्त्रींनी सगळं सांगितलं, कानांसकट. पंपवाला एका गाडीत पेट्रोल भरत होता. वर न बघता तो काहीतरी पुटपुटला. मिस्त्रींनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

तिला खाली बघावंसं वाटत होतं. पण तिने तोंड फिरवलं नाही.

"ते म्हणतायत, मला कशाला सांगतोस, नर्सबाईंना सांग," ती मोठ्याने म्हणाली. "आणि त्यांना मी सांगणार आहे."