दुसरा पाय

"तुमचा इश्वास बसनार नाही, रीताबाई," कवडू म्हणाला. "कोनाचाच बसत नाही. पन त्या गुरुवारी तुमच्या आत्याच्या या छपरीत बारा मानसं बसली होती. रांगेनं. पाय धुवून घ्यायले."

रीताच्या मांडीवर पितळी गंगाळ होतं. तिच्या आत्याला, करुणाबाईंना, माती देऊन सगळे सकाळीच परतले होते. चर्चचे पाळकसाहेब भंडाऱ्याच्या एसटीने गेले, नागपूरचे नातेवाईक गाडीने. घर आवरायला मागे राहिली ती भाची. आणि शेजारचा विणकर कवडू, ज्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं, पण जा म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं.

भांडी काढता काढता गंगाळ हाती आलं, तशी पोरगी खालीच बसली होती. "दरवर्षी येईन येईन म्हणायचे मी गुरुवारी," एवढंच बोलली. तिच्या डोळ्यांपुढे कुठली रिकामी छपरी उभी राहिली असेल ते कवडूला दिसलं. त्याने ती भरायला घेतली.

गोष्टी रचण्यात त्याचा हात धरणारा पवनीत कोणी नव्हता. पुराच्या वर्षी तो मगरीच्या पाठीवर बसून वैनगंगा पार करून आला होता, आणि पलीकडे उतरताना मगरीने भाडं मागितलं होतं. त्याने दिलं नाही, म्हणून तिने डाव्या पायाला तोंड लावलं. पाय सुजला तो सुजलाच. ही गोष्ट तो चहाच्या टपरीवर पायघोळ धोतर नीट सारखं करत सांगायचा. तो हत्तीपाय होता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण तो कोणी पाहिला नव्हता. कवडूने जन्मभर हातमाग सोडला नाही, त्याचं एक कारण हेही होतं: मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की माणूस कमरेपासून वरच दिसतो.

"पयला सेवकराम," त्याने बोट मोडलं. "कोंढा गावावरून आला. बैलबंडी जुपून."

सेवकराम आला होता हे खरं. करुणाबाईंच्या हातूनच जन्मलेला तो गडी. फाटकाबाहेरूनच त्याने हात जोडले. "बाई, तुमी मले या जगात आनलं आन् तुमी माहे पाय धरान? पाप चढवता काय माह्यावर?" बाई उठेपर्यंत तो वळणावर दिसेनासा झाला होता.

असंच होत असे. मिशनचा दवाखाना होता तोवर तिथली मंडळी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी जमायची. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तसे एकमेकांचे पाय धुवायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर काही वर्षांनी दवाखाना बंद पडला आणि ख्रिस्ती घरं एकेक करून नागपूरला गेली. नर्स करुणाबाई तेवढ्या राहिल्या. दरवर्षी तो गुरुवार आला की घरापुढच्या छपरीत गंगाळ, पाट आणि पंचा मांडून बसायच्या. येईल त्याचे पाय धुवायचे. पण अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली बाई! लोक वर्षभर वाकून तिच्या पाया पडायचे आणि त्या एका दिवशी तिच्या दारावरून जाणं टाळायचे.

"माह्या पाया पडून पडून मले देव्हाऱ्यात बसवलं तुमी लोकांनी," बाई एकदा चिडून म्हणाल्या होत्या. "तिथं बोलाले बी कोनी नसते, कवडूभाऊ."

"मंग सुलोचनाबाई," कवडूने दुसरं बोट मोडलं. "दोन्ही सुना घेऊन."

सुलोचनाबाईंनी लाखोरीच्या डाळीचे वडे पायरीवर ठेवले, "बाई, खाऊन घ्या गरम गरम," असं ओरडल्या आणि पदर सावरत पळाल्या होत्या.

पुढची नावं कवडूने सहज घेतली. एक पोस्टमन, दोन कोळी, तीन शेतकरी, बाजाराला आलेला एक भांडीवाला. त्याची जीभ चालत होती आणि डोळ्यांपुढे ती दुपार होती. मागावरच्या खिडकीतून त्याला बाई दिसत होत्या. उन्हाने पाणी तापलं की त्या ते जास्वंदीला घालायच्या, ताजं भरायच्या आणि पुन्हा बसायच्या. त्या तिसऱ्यांदा भरायला उठल्या तेव्हा त्यांनी खांबाला धरलं. कवडूने मागाचा धोटा खाली ठेवला आणि खड्ड्यातून वर आला.

"कायले पानी नासून राहिल्या, बाई?"

"कोनी येतच नाही त काय करू?"

तो पाटावर बसला. उजवा पाय पुढे केला. बाई खाली बसल्या तसे त्यांचे गुडघे वाजले. त्यांनी पाय धुतला, पुसला.

"आता दुसरा."

"तो धुतलेला हाय."

"कवडूभाऊ."

"मगरीनं तोंड लावलेला पाय हाय बाई तो. तुमी नका हात लावू."

"मगरीनं तोंड लावलं, मी हात बी नाही लावू?" त्यांनी ओला हात पसरला. "आना इकडं."

त्याने मान फिरवली आणि धोतर वर केलं. बाईंनी तो पाय दोन्ही हातांनी उचलला. बराच जड होता. घडीघडीतून बोट फिरवून त्यांनी तो धुतला, घाई न करता. मग पंच्याने टिपून टिपून कोरडा केला. पंचा कवडूनेच विणलेला होता. पाय मांडीवरच ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात काही म्हटलं. कवडूच्या डोळ्यांना धार लागली होती. साबण गेला, असं तो म्हणाला. साबण नव्हताच.

"आता तुमी बसा, बाई. मी तुमचे धुतो."

"पुढच्या वर्षीच्या गुरुवारी," त्या हसल्या. "आज मले माहा दिवस पुरा करू द्या."

ईस्टर झाला, आणि महिना उलटायच्या आत बाई गेल्या.

"...आन् बारावा मी," कवडूने सांगून संपवलं. "माहा नंबर येतपर्यंत पानी पार गढूळ. आत्या म्हने, आता पुढच्या वर्षी मोठं गंगाळ आनाव लागते. अशी गर्दी! तुमी आल्या असत्या त तुमाले बसाले जागा नसती भेटली."

रीताने गंगाळ पदराने पुसलं आणि बाजूला ठेवलं. तिचे डोळे त्याच्या धोतराच्या काठावर होते.

"थापा मारून राहिले तुम्ही, काका," ती म्हणाली. "आत्याचा त्याच संध्याकाळी फोन आला होता. एकच माणूस आला म्हणे. पण दोन्ही पाय धुऊ दिले त्यानं."